झरा वाहतोच आहे, मग टेकोपाचा मासा संपला कसा?

संगमेश्वरकर

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. यंदा फेब्रुवारीत आई-बाबा आले होते, तेव्हा त्यांना डेथ व्हॅली दाखवली आणि परतीच्या वाटेवर बाबांच्या गुडघ्यांना शेक मिळावा म्हणून टेकोपा या गावी मुक्काम केला. मोजावे वाळवंटात, अमार्गोसा नदीच्या काठी वसलेले हे अगदी छोटे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखले जाते. आमचे मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातले असल्यामुळे राजवाडी आणि तुरळ येथील उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांत, डुंबण्यात बाबांचे बालपण गेले आहे. पुरुषांची सोय वेगळी, स्त्रियांची वेगळी, आत उतरण्यापूर्वी अंग धुण्याचा दंडक, हे सगळे पाहून ते पाण्यात पाय घालता घालता म्हणाले, "म्हणजे तुरळालाच आलो की आपण."

रात्री खोलीवर या झऱ्यांची माहिती वाचत बसलो, तेव्हा कळले की येथे टेकोपा पपफिश नावाचा एक मासा होता, तो जगात दुसरीकडे कोठेही नव्हता आणि आता येथेही नाही. नामशेष झाल्याच्या कारणावरून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून ज्याचे नाव वगळावे लागले, असा तो पहिलाच प्राणी होता. दुपारी ज्या पाण्यात आम्ही तासभर निवांत बसलो होतो, ते त्याच्या घरचे पाणी होते, हे कळल्यावर थोडे चमत्कारिक वाटले.

धरण बांधले, तळे बुजवले किंवा नदी आटली म्हणजे मासे मरतात, हे मला समजते. येथे मात्र झरा तेव्हाही वाहत होता आणि आजही वाहतो आहे. मग त्या माशाचा अधिवास नष्ट झाला असे जे सर्वत्र लिहिलेले आढळते, त्याचा नेमका अर्थ काय? शिवाय सरकारी यादीत नाव आल्यानंतरही तो वाचू का शकला नाही? आणखी एक शंका अशी की त्याचे शास्त्रीय नाव सिप्रिनोडॉन नेवाडेन्सिस कॅलिडी असे तीन शब्दांचे आहे, म्हणजे ती स्वतंत्र जात नसून उपजात आहे. अशा वेळी नामशेष हा शब्द वापरणे योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_मास्तर

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि वाळवंटातले मासे हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे. आपल्या पहिल्या प्रश्नातच सगळे मर्म असल्यामुळे त्याविषयीच अधिक लिहितो.

आज जेथे डेथ व्हॅलीचे रखरखीत वाळवंट आहे, तेथे हिमयुगात मोठमोठी सरोवरे होती. हवामान कोरडे होत गेले तशी ती आटली आणि त्यांतले मासे उरल्यासुरल्या झऱ्यांत, डबक्यांत आणि अमार्गोसासारख्या जमिनीखाली गडप होऊन पुन्हा वर येणाऱ्या नदीत अडकून पडले. प्रत्येक झऱ्याचे तापमान वेगळे, क्षार वेगळे, प्रवाह वेगळा, आणि त्यामुळे एकाच पूर्वजाची लेकरे एकमेकांपासून दुरावून वेगवेगळी घडत गेली. कार्ल हब्स या मत्स्यशास्त्रज्ञाला त्यांच्या सततच्या पाठशिवणीत कुत्र्याच्या पिल्लांचा खेळ दिसला आणि त्यावरून पपफिश हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात तो खेळ नसून नरांची हद्दीवरून चाललेली भांडणे असतात. टेकोपाच्या माशाचे शास्त्रीय वर्णन रॉबर्ट रश मिलर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. जेमतेम अडीच ते चार सेंटिमीटर लांबीचा हा मासा एकमेकांपासून सुमारे दहा मीटरवर असलेल्या दोन झऱ्यांच्या, म्हणजे उत्तर व दक्षिण टेकोपा झऱ्यांच्या, वाहत्या पाटांत राहत असे. शेवाळ हे त्याचे मुख्य अन्न होते आणि जोडीला तो डासांच्या अळ्याही खात असे. विणीच्या काळात नराचा रंग लखलखीत निळा होई.

हा मासा सुमारे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या पाण्यात वावरू शकत असे. हा आकडा वाचून लोकांचा असा समज होतो की त्याला जितके कढत पाणी मिळेल तितके हवेच होते, पण वस्तुस्थिती तशी नाही. या कुळातला वाढलेला मासा जी उष्णता सोसतो, ती त्याच्या अंड्यांना सोसत नाही. अंडी नीट फळण्यासाठी पाणी त्याहून बरेच कोमट लागते. त्यातच कढत पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. झऱ्याच्या तोंडाशी पाणी सर्वांत ऊन असते आणि पाटातून पुढे सरकताना ते निवत जाते. अगदी वर जगणे अवघड, फार खाली गेल्यास नदीतल्या इतर माशांशी गाठ, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मात्र शेवाळही भरपूर आणि अंडी घालण्याजोगी उथळ, संथ जागाही. या माशाचे घर म्हणजे झरा नव्हे, तर पाटातली ही मधली लांबी होती, असे म्हटले म्हणजे पुढचे सगळे उलगडते.

पन्नास-साठच्या दशकांत टेकोपाला स्नानासाठी येणाऱ्यांची गर्दी वाढली. झऱ्यांवर स्नानगृहे उभी राहिली, कुंडे मोठी करण्यात आली, आणि १९६५ मध्ये दोन्ही झऱ्यांचे पाट वळवून एकत्र करण्यात आले. झऱ्यातून निघणारे पाणी काही कमी झाले नव्हते, पण बशीत ओतलेला चहा चटकन निवतो आणि कपातला तसाच कढत राहतो, हे आपण रोज पाहतो. दोन उथळ, पसरट, रेंगाळणाऱ्या पाटांचा एक खोल आणि वेगवान पाट झाला, तेव्हा बशीचा कप झाला. पाणी निवायला लांबचे अंतर लागू लागले आणि राहण्याजोगा पट्टा ढकलला जाऊन खाली, नदीच्या दिशेने सरकला. तेथे अमार्गोसा नदीतला पपफिश हा त्याचा सख्खा भाऊबंद होता. त्याच्याशी संकर होऊ लागला आणि संख्येने तोकड्या असलेल्या टेकोपाच्या माशाचे वेगळेपण त्यात विरून गेले. बाहेरून आणलेल्या ब्लूगिल आणि गंबुसिया या माशांनी उरलेली कसर भरून काढली. आपल्याकडे हिवताप विभाग विहिरींत आणि टाक्यांत जे गप्पी मासे सोडतो, त्यांचाच गंबुसिया हा जवळचा नातलग. डासांच्या अळ्या खातो म्हणून त्याला जगभर नेण्यात आले. टेकोपाला ते काम करणारा मासा मुळातच हजर होता, ही त्यातली विसंगती.

कलमवाचक

मास्तरांचा चहा मनापासून पटला. यादीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण येथे तारखाच पुरेशा बोलक्या आहेत.

पाट एकत्र झाले १९६५ मध्ये. हा मासा शेवटचा दिसल्याची नोंद १९७० च्या आरंभीची आहे, आणि संघराज्य सरकारच्या यादीत त्याचे नाव आले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. कॅलिफोर्निया राज्याने आपल्या यादीत त्याचा समावेश त्यानंतर केला. ज्या कायद्याला आज सगळे जग ओळखते, तो संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींचा कायदा तर १९७३ चा आहे. म्हणजे संरक्षणाचा आदेश निघाला तेव्हा संरक्षण द्यायला बहुधा कोणी उरलेच नव्हते. सत्तरच्या दशकात आसपासच्या चाळीसहून अधिक ठिकाणी शोध घेण्यात आला, पण एकही मासा मिळाला नाही. १९७८ मध्ये नाव वगळण्याचा प्रस्ताव मांडला गेला, नोव्हेंबर १९८१ मध्ये निर्णय जाहीर झाला आणि जानेवारी १९८२ पासून तो अमलात आला. मरण एका दशकातले आणि मृत्यूचा दाखला पुढच्या दशकातला, असा हा प्रकार आहे, आणि सरकारी दप्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना त्याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

यादी निरुपयोगी होती, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. टेकोपापासून तासाभराच्या वाटेवर, नेवाडा राज्याच्या हद्दीत डेव्हिल्स होल नावाची खडकातली एक कपार आहे. तिच्यातले पाणी बाराही महिने सुमारे ३३ अंशांवर असते, खोली शंभर मीटरहून अधिक आहे, आणि तेथला पपफिश वीण आणि चारा या दोहोंसाठी पाण्याखालच्या एका उथळ शिळेवर अवलंबून आहे, जिचा आकार आपल्या घरातल्या एखाद्या खोलीएवढाच भरेल. साठच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या शेतमालकांनी मोठ्या प्रमाणावर भूजल उपसायला सुरुवात केली, तेव्हा कपारीतली पातळी उतरू लागली आणि ती शिळा उघडी पडू लागली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९५२ मध्येच ही कपार राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत घेतली होती, आणि जमीन राखून ठेवली तेव्हा माशाला लागणारे पाणीही त्याबरोबर राखले गेले, असा एकमताचा निकाल न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. त्या काळात 'पपफिश वाचवा' आणि 'पपफिश मारा' अशा दोन्ही घोषणांच्या चिकट पट्ट्या मोटारींवर मिरवल्या जात, यावरून वाद किती तापला होता, याची कल्पना यावी.

डेव्हिल्स होलच्या बाजूने जमिनीचा हक्क, सरकारचा वकील आणि मोजता येईल अशी पाण्याची पातळी होती. टेकोपाच्या पाटाचे तापमान किती लांबीपर्यंत किती असावे, हे कोणाच्याच कागदावर नव्हते. शिवाय तेथला बदल कायदा होण्याच्या आधीच पूर्ण झाला होता.

उपजातीबद्दल एवढेच सांगतो की १९७३ च्या कायद्यातील व्याख्येनुसार 'जात' या शब्दात उपजातीचाही समावेश होतो. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने नामशेष हा शब्द बरोबर आहे. शास्त्राच्या दृष्टीने काय म्हणावे, ते मास्तर सांगतील.

रोखठोक

माझे मत कदाचित कोणाला आवडणार नाही, तरी मांडतो. अडीच इंचही नसलेला मासा, त्यातही स्वतंत्र जात नव्हे तर उपजात, आणि तिचेही रक्त नदीतल्या भावंडांत मिसळून शिल्लक राहिले आहे, असे मास्तर स्वतःच सुचवतात. मग नेमके काय गेले? संगमेश्वरकरांच्या वडिलांचे गुडघे आणि तो मासा यांत निवड करायची झाली, तर मी गुडघ्यांच्या बाजूने उभा राहीन. शिवाय पपफिश तर अजून कितीतरी आहेत.

निवृत्त_मास्तर

रोखठोक यांचा प्रश्न रास्त आहे आणि वर्गातही तो दरवर्षी कोणीतरी विचारत असे.

नेवाडेन्सिस या जातीच्या एकूण सहा उपजाती मानल्या गेल्या आहेत: साराटोगा झऱ्यातली, अमार्गोसा नदीतली, अॅश मेडोजमधली, वॉर्म स्प्रिंग्जमधली, शोशोनीची आणि टेकोपाची. त्यांच्यातले फरक खवल्यांची संख्या, शरीराची ठेवण अशा बारीक गोष्टींवरून ठरवलेले असल्यामुळे मतभेदाला जागा आहे, हे मी नाकारत नाही. संकर झाल्याने काही अंश उरला असेल, हेही मान्य. परंतु दोन गायकींची सरमिसळ झाली म्हणजे त्यांतली एक जिवंत राहिली, असे आपण म्हणत नाही. बेचाळीस अंशांच्या आसपास वावरणारे शरीर त्या विशिष्ट झऱ्याने पिढ्यानुपिढ्या घडवले होते. मांसपेशी, मूत्रपिंडे आणि अंडी एवढ्या उष्णतेत आणि क्षारांत कशी काम करतात, हे विचारायला आता तो मासाच समोर नाही. संग्रहालयातल्या बाटलीत बुडवलेल्या नमुन्याकडून हे कळत नाही.

निवड गुडघे की मासा अशी नव्हतीच, हा माझा मुख्य आक्षेप आहे. कुंडे बांधूनही दोन पाट वेगळे आणि उथळ ठेवता आले असते. स्नान करणाऱ्यांना त्याने काही फरक पडला नसता, कारण पाट कुंडाच्या पुढे सुरू होतो; वापरून झालेले पाणी कोणत्या वाटेने जाते, याच्याशी गुडघ्यांचा संबंध नाही. म्हणूनच मला हे उदाहरण धरणापेक्षाही अधिक अस्वस्थ करते. धरणामागे निदान काही हिशेब असतो, तो चुकीचा का असेना. येथे हिशेब करायचा आहे, हेच कोणाच्या ध्यानात आले नाही.

वेळेवर ध्यानात आले तर काय होते, त्याचेही उदाहरण त्याच टापूतले आणि त्याच वर्षांतले आहे. ओवेन्स पपफिश हा मासा चाळिसाच्या दशकात संपला असे समजले जात होते. १९६४ मध्ये तो पुन्हा सापडला. ऑगस्ट १९६९ मध्ये बिशप गावाजवळच्या फिश स्लू या पाणथळीतले त्याचे डबके आटत असल्याची वार्ता आली, तेव्हा राज्याच्या मत्स्यखात्यातले फिल पिस्टर सहकाऱ्यांसह धावले, उरलेले सुमारे आठशे मासे गोळा केले आणि दोन बादल्यांतून दुसऱ्या पाण्यात नेले. काही वेळ त्या दोन बादल्या हातात धरून ते एकटेच पाणथळीतून चालत होते आणि जगातले सगळे ओवेन्स पपफिश त्यांच्या दोन हातांत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेथ व्हॅलीत जमलेल्या मंडळींतून डेझर्ट फिशेस कौन्सिल ही संस्था उभी राहिली. टेकोपाच्या वाट्याला अशी बादली वेळेवर आली नाही.

कलमवाचक

थोडे अवांतर, पण याच विषयाचे. डेव्हिल्स होलच्या माशांची गणती दरवर्षी होते. २०१३ च्या वसंतात ते फक्त ३५ उरले होते, २०२४ च्या वसंतात ती संख्या १९१ वर गेली, आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी, भूकंपांनी पाणी हिंदकळून शिळेवरचे शेवाळ आणि अंडी धुऊन गेल्यावर, ३८ वर आली. निकाल जिंकून पन्नास वर्षे होत आली तरी हा खटला एका अर्थाने चालूच आहे.

संगमेश्वरकर

सर्वांचे आभार. मास्तरांनी पाटाच्या मधल्या लांबीविषयी लिहिले, ते मी बाबांना दूरध्वनीवरून वाचून दाखवले, तर ते म्हणाले, "हे तर आम्हाला पोरवयातच ठाऊक होते." आमच्याकडे कुंडातले पाणी बाहेर पडून शेताच्या कडेने नदीकडे जाई, तेव्हा कोणत्या दगडापर्यंत पाय पोळतात, कोणत्या दगडापाशी बायका धुण्याला बसतात आणि कोणत्या दगडाच्या पुढे बोटाएवढे मासे दिसू लागतात, हे त्यांच्या सगळ्या सवंगड्यांना पाठ असे. कुंडाजवळचे शेवाळ वेगळ्या रंगाचे आणि खालचे वेगळ्या रंगाचे होते, हेही त्यांना आठवले. पुढे तो पाट सिमेंटने बांधून काढल्यावर तेथे मासे दिसतात का, असे विचारले, तर त्यांना काही सांगता आले नाही. तोपर्यंत ते नोकरीसाठी मुंबईला आले होते.

एक शेवटची शंका. शोशोनीचा पपफिशही एकेकाळी संपला असे मानले गेले होते आणि नंतर सापडला, असे वाचले. मग टेकोपाच्या बाबतीत आशा धरायला जागा आहे का?

निवृत्त_मास्तर

शोशोनी हे गाव टेकोपाच्या उत्तरेला सुमारे तेरा किलोमीटरवर आहे. तेथला मासा साठच्या दशकाच्या अखेरीस गेला असे समजले गेले, पण १९८६ मध्ये झऱ्यातून निघणाऱ्या पाटात तो पुन्हा आढळला आणि पुढे त्याच्यासाठी तळी तयार करण्यात आली. त्याची गोष्ट मला फार प्रिय आहे, तरीही तिच्यावरून टेकोपाची आशा धरू नये, असे मी म्हणेन. शोशोनीत मासा नजरेआड झाला होता; टेकोपात तो दुसऱ्या माशात मिसळला. आज तेथे एखादा पपफिश दिसला, तरी तो नदीतला असण्याचीच शक्यता अधिक.

संगमेश्वरकर

गेल्या रविवारी एकटाच शोशोनीला जाऊन आलो, म्हणून हा धागा पुन्हा वर आणतो आहे. रस्त्यापासून थोड्याच अंतरावर लव्हाळ्याने वेढलेली तळी आहेत. पहिली पाच मिनिटे काहीच दिसले नाही. मग माझी सावली पाण्यावरून बाजूला झाली आणि तळाच्या करड्या गाळावर निळे काहीतरी चमकले. तो एक नर होता, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. ताटाएवढ्या जागेची राखण करत तो फिरत होता. दुसरा कोणी तिच्या कडेशी आला की बाणासारखा त्याच्या अंगावर जाई आणि लगेच परत मध्यभागी येऊन थांबे. फिकट हिरवट रंगाची एक मादी आली, तेव्हा मात्र त्याने वाट दिली. मी तेथे तासभर होतो आणि तेवढ्या वेळात त्याने त्या ताटाबाहेर एकदाही मुक्काम केला नाही.

परतताना टेकोपाला थांबलो नाही. बाबांना त्या नराची चित्रफीत पाठवली आहे. त्यांनी फक्त एवढेच विचारले की पाणी किती ऊन होते, आणि मी त्यात हात घालायचा विसरलो होतो.